‘रोड’ : एका इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती, अर्थ आणि उपयोजन (काशीमीरा परिसरातील स्थलनामांच्या संदर्भात)

प्रस्तावना

इंग्रजी भाषेतून मराठीत आलेल्या आणि आता परके न वाटणाऱ्या शब्दांत ‘रोड’ या शब्दाचे स्थान बरेच वरचे आहे. शहरातील सुशिक्षित माणूस आणि खेड्यातील निरक्षर माणूस हा शब्द सारख्याच सहजतेने वापरतो. घराचा पत्ता, रिक्षाचालकाला दिलेली सूचना, जमिनीच्या व्यवहाराची जाहिरात, रेल्वे स्थानकाचा फलक अशा सर्व ठिकाणी तो आढळतो. मात्र जो शब्द फार परिचयाचा होतो, त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. ‘रोड म्हणजे रस्ता’ एवढे सांगितले की त्याविषयी आणखी काही सांगण्यासारखे उरले नाही, असा समज होतो.

हा समज किती अपुरा आहे, हे दाखविणारे उत्तम उदाहरण ठाणे जिल्ह्यातील काशीमीरा परिसरात मिळते. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या या परिसराच्या पश्चिमेस, सुमारे तीन किलोमीटर अंतरावर पश्चिम रेल्वेचे ‘मीरा रोड’ हे स्थानक आहे. या स्थानकाच्या नावावरून आज एक मोठी नागरी वस्ती ओळखली जाते. ‘मीरा रोड हा रस्ता कोठून कोठे जातो?’ असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात विचारला, तर त्याचे समाधानकारक उत्तर ‘रोड म्हणजे रस्ता’ या समीकरणातून देता येत नाही. नवख्या माणसाने स्थानकाबाहेर या नावाचा रस्ता विचारला, तर त्याला बहुधा ‘मीरा-भाईंदर रोड’ दाखविला जाईल; आणि तो वेगळाच रस्ता आहे.

प्रस्तुत लेखात ‘रोड’ या शब्दाची व्युत्पत्ती, इंग्रजीतील त्याचा अर्थविकास, मराठीतील त्याचे उपयोजन आणि रेल्वे स्थानकांच्या नावांतील त्याचा विशिष्ट अर्थ यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे. स्थानकनामाच्या शेवटी येणारा ‘रोड’ अनेकदा रस्त्याचा वाचक नसून दिशेचा वाचक असतो, आणि ही गोष्ट विसरल्यामुळे मूळ गावाची ओळखच झाकली जाते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

व्युत्पत्ती : स्वारीपासून रस्त्यापर्यंत

‘रोड’ या शब्दाचे प्राचीन इंग्रजीतील रूप ‘राद’ असे होते. घोड्यावर बसून जाणे, या अर्थाच्या ‘राइड’ या क्रियापदाच्या कुळातील हे नाम आहे. त्यामुळे ‘राद’ या शब्दाने मुळात जमिनीवरील कोणत्याही वस्तूचा निर्देश होत नव्हता. निर्देश होत होता तो क्रियेचा. घोडदौड, घोड्यावरून केलेला प्रवास आणि शत्रूच्या प्रदेशावर घोडेस्वारांनी केलेली चाल, हे त्याचे जुने अर्थ होत.

मराठी वाचकाला हा अर्थसंबंध समजण्यास अवघड जाऊ नये. मराठीत फारसीतून आलेला ‘स्वारी’ हा शब्द अगदी याच अर्थांचा आहे. घोड्यावर किंवा वाहनावर बसून जाणे ही ‘स्वारी’, आणि मोहीम काढून परप्रांतावर चालून जाणे ही देखील ‘स्वारी’. पुढे हाच शब्द लक्षणेने व्यक्तीलाही लागू झाला. ‘आज स्वारी कोणीकडे निघाली?’ असे आपण कौतुकाने किंवा थट्टेने विचारतो. इंग्रजीतील ‘राद’ची वाटचाल दुसऱ्या दिशेने झाली. जाण्याची क्रिया हा त्याचा पहिला अर्थ. ती क्रिया जिच्यावरून घडते ती जागा हा पुढचा अर्थ. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर क्रियावाचक नामाचे स्थानवाचक नाम झाले. मराठीत ‘चढ’, ‘उतार’ आणि ‘वळण’ या शब्दांत हीच प्रक्रिया दिसते. चढणे, उतरणे आणि वळणे या क्रियांवरून त्या त्या क्रियेच्या जागांना नावे मिळाली आहेत.

प्राचीन इंग्रजी काव्यात समुद्राला ‘व्हेल माशाचा राद’ अशा अर्थाच्या सामासिक शब्दाने संबोधिलेले आढळते. ‘बेवुल्फ’ या महाकाव्यातील हा शब्दप्रयोग अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. खडी नाही, माती नाही, कडेला झाडे नाहीत, तरीही समुद्र हा ‘राद’ आहे. कारण त्यातून कोणीतरी जात असते. शब्दाचा मूळ भर जाण्यावर होता, हे यावरून स्पष्ट होते.

‘रोड’ आणि ‘रेड’ : एका मुळाचे दोन शब्द

‘राद’ या एकाच शब्दापासून आधुनिक इंग्रजीला दोन शब्द मिळाले, ही बाब वर्गात आवर्जून सांगण्याजोगी आहे. प्राचीन इंग्रजीतील दीर्घ ‘आ’ हा स्वर दक्षिणेकडील इंग्रजीत ‘ओ’कडे वळला, तर स्कॉटलंडकडील बोलीत तो ‘ए’कडे वळला. घर या अर्थाच्या ‘हाम’ या शब्दाचे दक्षिणेत ‘होम’ झाले आणि स्कॉटिश बोलीत ‘हेम’ झाले. दगड या अर्थाच्या ‘स्तान’ची ‘स्टोन’ आणि ‘स्टेन’ अशी दोन रूपे झाली. त्याच नियमाने ‘राद’चे एकीकडे ‘रोड’ आणि दुसरीकडे ‘रेड’ झाले.

‘रेड’ या रूपात हल्ल्याचा, छाप्याचा जुना अर्थ टिकून राहिला. मधल्या काळात मागे पडलेला हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर वॉल्टर स्कॉट (१७७१-१८३२) यांच्या लेखनामुळे पुन्हा प्रचारात आला. मराठीने हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे घेतले आहेत. ‘पोलिसांची रेड पडली’ असे आपण म्हणतो. कबड्डीच्या मैदानावर चढाई करणाऱ्या खेळाडूला ‘रेडर’ म्हणतो. रोडवरून आलेल्या पोलिसांनी रेड टाकली, या वाक्यातील दोन इंग्रजी शब्द एकाच मुळाचे आहेत, हे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही. इंग्रजीतील ‘इनरोड’ या शब्दातही ‘रोड’चा जुना आक्रमणवाचक अर्थ अजून जिवंत आहे.

इंग्रजीतील अर्थविकास

आज मुख्य मानला जाणारा ‘रस्ता’ हा अर्थ या शब्दाला तुलनेने उशिरा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्राप्त झाला. शेक्सपिअरच्या नाटकांत तो आढळतो. तत्पूर्वी या अर्थाने इंग्रजीत ‘वे’ आणि ‘स्ट्रीट’ हे शब्द रूढ होते.

चौदाव्या शतकापासून ‘रोड’ला आणखी एक अर्थ होता. किनाऱ्याजवळची, वाऱ्यापासून काहीशी सुरक्षित अशी जागा, जेथे जहाजे नांगर टाकून उभी राहतात, तिलाही ‘रोड’ म्हणत. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात हा शब्द बंदरे आणि धक्के यांच्या जोडीने येतो तो याच अर्थाने. तेथे ‘रस्ते’ असे भाषांतर केल्यास चूक होईल. सुरतेजवळच्या सुवाळी येथे १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात सागरी लढाई झाली. ज्या पाण्यात इंग्रजांची जहाजे नांगरून पडत, त्याला ते ‘स्वॉली रोड’ म्हणत. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांनी हा शब्द आणला तेव्हा तो पाण्यावरचाही होता, ही नोंद घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील ‘हॅम्प्टन रोड्स’ या नावात हा अर्थ आजही टिकून आहे.

‘रोड’ला समानार्थी असणाऱ्या शब्दांच्या मुळाशी कोणत्या कल्पना आहेत, हे पाहणेही उद्बोधक ठरते. ‘वे’ हा शब्द संस्कृत ‘वह्’ या धातूच्या कुळातील आहे. मराठीतील ‘वाहणे’ आणि ‘वाहन’ हे शब्द त्याचे दूरचे नातलग होत. ‘स्ट्रीट’ लॅटिनमधून आला. फरसबंदी केलेला, पसरलेला मार्ग हा त्याचा मूळ अर्थ. ‘विस्तार’ आणि ‘प्रस्तर’ या शब्दांतील ‘स्तृ’ धातूशी त्याचे नाते आहे. मराठीतील ‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतमार्गे आला. ‘मार्ग’ हा शोधणे या अर्थाच्या ‘मृग्’ धातूशी जोडला जातो. ‘रस्ता’ फारसीतून आला. ‘रास्त’ म्हणजे सरळ, या शब्दाच्या कुळातील तो आहे. तात्पर्य, एकाच वस्तूकडे कोणी वाहून नेणारी म्हणून, कोणी पसरलेली म्हणून, कोणी शोधायची म्हणून, तर कोणी सरळ म्हणून पाहिले. ‘रोड’ने तिच्याकडे स्वारीची जागा म्हणून पाहिले.

मराठीतील ‘रोड’

मराठीने हा शब्द स्वीकारताना त्याला पुल्लिंगी केले. ‘रस्ता’ आणि ‘मार्ग’ हे शब्द पुल्लिंगी असल्यामुळे हे स्वाभाविक होते. ‘रोडने’, ‘रोडला’, ‘रोडवर’ अशी त्याची विभक्तिरूपे आणि शब्दयोगी अव्यये लागलेली रूपे मराठी वळणानेच होतात.

मात्र अर्थाच्या बाबतीत मराठीने फार थोडे उचलले. मराठी माणसाच्या बोलण्यात वाटांची एक उतरंड असते. पायवाट सर्वांत अरुंद. त्यानंतर वाट, मग रस्ता, मग रोड आणि शेवटी हायवे. बैलगाडी रस्त्याने जाते, एस.टी. रोडने जाते. म्हणजे ‘रोड’ या शब्दाने डांबरी, रुंद आणि वाहनांचा रस्ता एवढाच अर्थ प्रामुख्याने व्यक्त होतो. ‘रिंग रोड’, ‘लिंक रोड’, ‘सर्व्हिस रोड’ आणि विकास आराखड्यात दाखविलेला ‘डीपी रोड’ हे शब्द याच अर्थक्षेत्रातील होत. जमिनीच्या जाहिरातीतील ‘रोड टच प्लॉट’ हा शब्दप्रयोग तर खास इकडचाच आहे.

याउलट ‘वाट’, ‘रस्ता’ आणि ‘मार्ग’ या शब्दांभोवती मराठीत वाक्प्रचारांचे मोठे भांडार आहे. आपण वाट पाहतो, वाट चुकतो, एखाद्या कामाची वाट लावतो. कोणी रस्त्यावर येतो, कोणाचे काम मार्गी लागते, कोणी अडचणीतून मार्ग काढतो. ‘वाटसरू’, ‘वाटाड्या’, ‘वाटमारी’ आणि ‘वाटचाल’ असे शब्द ‘वाट’पासून तयार झाले. ‘रोड’ या शब्दापासून असा एकही वाक्प्रचार मराठीत रुजला नाही. ‘रोड शो’ आणि ‘रोडरोमिओ’ हे शब्द आले, पण ते तयार स्वरूपात आले. इंग्रजीत या शब्दाला लाभलेले लाक्षणिक अर्थ मराठीने घेतले नाहीत, कारण त्या जागा आधीच भरलेल्या होत्या. उसना शब्द येतो तो बहुधा नव्या वस्तूबरोबर येतो आणि त्या वस्तूपुरताच राहतो, या सर्वसाधारण निरीक्षणास ‘रोड’चे उदाहरण पुष्टी देते.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करणे उचित ठरेल. मराठीत ‘रोड’ हे एक स्वतंत्र विशेषणही आहे. ‘रोड प्रकृतीचा माणूस’ म्हणजे सडपातळ, कृश माणूस. ‘रोडका’ आणि ‘रोडावणे’ ही त्याचीच रूपे. हा शब्द इंग्रजी ‘रोड’शी संबंधित नाही; दोन्ही केवळ समरूप शब्द आहेत. परंतु पुढील विवेचनासाठी हे विशेषण उपयोगी पडते, कारण मराठीत आलेल्या इंग्रजी ‘रोड’चा अर्थ खरोखरच रोडावलेला आहे. अर्थसंकोच ही संज्ञा विद्यार्थ्यांना समजावून देताना याहून सोपे उदाहरण शोधावे लागू नये.

स्थलनामांतील ‘रोड’ : दोन प्रकार

मराठीतील सर्वसाधारण व्यवहारात ‘रोड’चा अर्थ असा आकसला असला, तरी एका क्षेत्रात त्याचा जुना, गतिवाचक अर्थ टिकून राहिला आहे. ते क्षेत्र म्हणजे रेल्वे स्थानकांची नावे. या नावांचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार स्मारकवाचक नावांचा. ‘ग्रँट रोड’, ‘रे रोड’ आणि ‘सँडहर्स्ट रोड’ ही मुंबईतील स्थानके या प्रकारात मोडतात. रॉबर्ट ग्रँट (१८३५-१८३८), लॉर्ड रे (१८८५-१८९०) आणि लॉर्ड सँडहर्स्ट (१८९५-१९००) हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावांचे प्रत्यक्ष रस्ते शहरात होते आणि त्या रस्त्यांवरून स्थानकांना नावे मिळाली. पुढे ग्रँट रोडचा मौलाना शौकत अली मार्ग झाला, तरी स्थानकाने जुने नाव सोडले नाही. येथे ‘रोड’ म्हणजे खरोखरच रस्ता. समासाचा विग्रह ‘ग्रँटच्या नावाचा रोड’ असा होतो.

दुसरा प्रकार दिशावाचक नावांचा. ‘मीरा रोड’, ‘वसई रोड’, ‘केळवे रोड’, ‘डहाणू रोड’, ‘भिवंडी रोड’, ‘नाशिक रोड’ आणि ‘अक्कलकोट रोड’ ही स्थानके या प्रकारची होत. येथे पूर्वपद हे व्यक्तीचे नाव नसून गावाचे नाव आहे, आणि ते गाव स्थानकापासून काही अंतरावर आहे. ‘ज्या गावासाठी हे स्थानक आहे ते येथे नाही, येथून निघणाऱ्या रस्त्याने तेथे जावे लागते’ एवढी सूचना ‘रोड’ या एका शब्दात सामावलेली आहे.

ही पद्धत मूळची ब्रिटनमधील रेल्वेची. तेथेही लोहमार्गापासून दूर असलेल्या गावाच्या स्थानकास गावाच्या नावापुढे ‘रोड’ जोडून नाव दिले जाई. कॉर्नवॉलमधील बॉडमिन या गावासाठी १८५९ मध्ये सुरू झालेले स्थानक ‘बॉडमिन रोड’ या नावाने ओळखले जात होते. १९८३ मध्ये त्याचे नाव ‘बॉडमिन पार्कवे’ असे बदलण्यात आले. भारतात ही पद्धत इतकी रुजली की राजस्थानातील ‘अबू रोड’पासून आंध्र प्रदेशातील ‘मंत्रालयम रोड’ आणि ‘श्रीकाकुलम रोड’पर्यंत तिची उदाहरणे मिळतात.

विशेष म्हणजे ही पद्धत इंग्रजी राजवटीबरोबर संपली नाही. १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर ‘संगमेश्वर रोड’, ‘राजापूर रोड’, ‘वैभववाडी रोड’ आणि ‘सावंतवाडी रोड’ अशी स्थानके आहेत. स्वातंत्र्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, महाराष्ट्राच्याच भूमीवर बांधलेल्या रेल्वेने हा शब्द पुन्हा निवडला, यावरून तो येथे पारिभाषिक शब्द झाला आहे, असे म्हणता येते. आता तो वसाहतकालीन अवशेष राहिलेला नाही.

समासाच्या दृष्टीने पाहिल्यास दुसऱ्या प्रकारातील नावे अधिक मनोरंजक आहेत. ‘पुरणपोळी’ म्हणजे ‘पुरण भरून केलेली पोळी’. मधली पदे लोप पावल्याने हा मध्यमपदलोपी समास होतो. त्याच न्यायाने ‘मीरा रोड’ म्हणजे ‘मीरा गावाकडे जाणारा रोड’. पण विग्रह येथे संपत नाही. पूर्ण नामाने बोध होतो तो ना मीरा गावाचा, ना रोडचा. बोध होतो तिसऱ्याच वस्तूचा, म्हणजे स्थानकाचा. त्या अर्थाने हा समास बहुव्रीहीच्या जवळ जातो. ‘मीरा गावाकडे जाणारा रोड जेथून निघतो ते’ असा त्याचा पूर्ण विग्रह करावा लागेल.

रस्त्याला तो जेथे जातो त्या गावाचे नाव देण्याची रीत आपल्याकडेही नवी नाही. पुण्यातील माणूस ज्याला ‘सातारा रोड’ म्हणतो, त्याच रस्त्याला साताऱ्याचा माणूस ‘पुण्याचा रस्ता’ म्हणतो. नाव रस्त्याचे असले तरी त्यात बोलणाऱ्याची जागा आणि त्याची दिशा दडलेली असते. स्थानकनामातील ‘रोड’ याच जातीचा आहे. त्यात फलक वाचणाऱ्या उतारूच्या पुढच्या प्रवासाची दिशा सांगितलेली असते.

काशीमीरा आणि मीरा रोड : नात्याची उलटापालट

आता मूळ उदाहरणाकडे वळू. काशी आणि मीरा ही दोन जुनी गावे पूर्वेकडील डोंगराच्या पायथ्याच्या बाजूस आहेत. त्यांच्या जोडनावाने हा परिसर ‘काशीमीरा’ म्हणून ओळखला जातो. व्याकरणदृष्ट्या हा सरळ द्वंद्व समास होय. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा लोहमार्ग १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आला, तो या गावांच्या पश्चिमेकडून, खाडीकाठच्या सखल भागातून. गाव एका बाजूस आणि लोहमार्ग दुसऱ्या बाजूस राहिला; त्यामुळे स्थानकाला ‘मीरा’ असे नाव न मिळता ‘मीरा रोड’ असे नाव मिळाले. त्या नावात मीरा हे गाव मुख्य होते आणि स्थानक गौण होते.

पुढे परिस्थिती बदलली. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. ही वाढ मुख्यतः लोकल गाडीच्या आधारे झाली, त्यामुळे वस्तीचे केंद्र स्थानक हे झाले. ‘मी मीरा रोडला राहतो’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात आता ना मीरा गाव असते, ना कोणताही रस्ता. ‘मीरा रोड’ हे एक अखंड विशेषनाम झाले आहे. उत्तरपदाचा अर्थ रोडावत रोडावत शून्यावर आला आहे.

याचा परिणाम पत्त्यांत स्पष्ट दिसतो. मूळ मीरा गावाचा पत्तासुद्धा आज ‘मीरा गाव, मीरा रोड (पूर्व)’ असा लिहिला जातो. शब्दशः अर्थ केला, तर ‘मीरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेचे मीरा गाव’ असा तो होतो. ज्या गावावरून स्थानकाला नाव मिळाले, त्या गावाची ओळख आता स्थानकाच्या नावाने करून द्यावी लागते. मूळ आणि आश्रित यांच्या जागा बदलल्या. काशीमीऱ्याचीही तीच गत. महामार्गावरचा नाका आणि पोलीस ठाणे यांमुळे हे नाव टिकले असले, तरी पत्त्यात त्यापुढे ‘मीरा रोड’ बहुधा येतेच.

नाशिक रोडचा इतिहास याहून निराळा आहे. तेथेही स्थानक शहरापासून आठ-नऊ किलोमीटर दूर होते. हे अंतर तोडण्यासाठी १८८९ मध्ये घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली होती. म्हणजे ‘रोड’ या शब्दातील दिशा तेथे काही काळ प्रत्यक्ष रुळांनी दाखविली जात होती. स्थानकाभोवती वस्ती वाढली, १९२० च्या दशकात प्रतिभूती मुद्रणालय आणि चलनी नोटांचे मुद्रणालय आले. ‘नाशिक रोड’ हे नाव तेथेही स्वतंत्र झाले. परंतु नाशिक हे मोठे आणि प्राचीन क्षेत्र असल्याने ते झाकले गेले नाही. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा नाशिक रोडच नाशिकमध्ये सामावले गेले. मीरा हे लहान गाव होते. तेथे गावच रोडमध्ये सामावले गेले. एकाच पद्धतीने तयार झालेल्या दोन नावांचे भवितव्य पूर्वपदाच्या बळानुसार वेगळे झाले, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

या पार्श्वभूमीवर अलीकडची एक घटना लक्षणीय आहे. दहिसरहून मीरा-भाईंदरकडे जाणाऱ्या मेट्रो ९ या मार्गिकेवरील दोन स्थानकांना ‘मिरागाव’ आणि ‘काशीगाव’ ही नावे देण्यात आली. मे २०२५ मध्ये दहिसर ते काशीगाव या टप्प्यावर चाचणी-फेऱ्यांना आरंभ झाला. ही मार्गिका जुन्या गावांच्या बाजूने जाते, त्यामुळे या स्थानकांना ‘रोड’ची गरज उरली नाही. मात्र नुसते ‘मीरा’ म्हणून भागेनासे झाल्यामुळे ‘गाव’ हे उत्तरपद जोडावे लागले. एका उत्तरपदाने झाकलेले गाव दुसऱ्या उत्तरपदाने पुन्हा दृष्टीस आणले आहे. महानगरपालिका आपल्या नावात ‘मिरा’ असे ऱ्हस्व लिहिते, तर ‘मीरा रोड’ हे दीर्घ रूपही सर्रास आढळते. लेखनातील ही दुविधाही मूळ गावाकडे दुर्लक्ष झाल्याचीच खूण मानावी लागेल.

भाषांतर, नामांतर आणि अध्यापन

वरील भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. २०१८ मध्ये ‘एल्फिन्स्टन रोड’ स्थानकाचे ‘प्रभादेवी’ झाले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मुंबईतील आणखी काही स्थानकांच्या नामांतरास मान्यता दिली. त्यांत सँडहर्स्ट रोड, करी रोड, चर्नी रोड आणि डॉकयार्ड रोड ही नावे होती. अशा निर्णयांच्या गुणदोषांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु ‘रोड’ने संपणारी सर्व नावे एकाच मापाने मोजू नयेत, एवढे भाषेच्या अभ्यासकाने सांगितले पाहिजे. सँडहर्स्ट रोड या नावात एका गव्हर्नरची स्मृती आहे. मीरा रोड या नावात एका गावाची स्मृती आहे आणि ते गाव मराठी मुलखातलेच आहे. उत्साहाच्या भरात ‘मीरा मार्ग’ असे भाषांतर केले, तर रस्ता नसलेल्या ठिकाणी रस्ता उभा राहील आणि गावाकडे दाखविलेले बोट मात्र नाहीसे होईल. या ‘रोड’चे भाषांतर न करता अर्थ सांगणे, हाच मार्ग योग्य होय.

मराठीतील शब्दकोशांत ‘रोड’ या शब्दाखाली एक स्वतंत्र अर्थ नोंदविण्याची गरज आहे, असे वाटते. तो असा देता येईल : ‘रेल्वे स्थानकाच्या नावातील उत्तरपद, पूर्वपदाने सांगितलेल्या, स्थानकापासून दूर असलेल्या गावाकडे जाण्याची जागा’.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हा शब्द उपयुक्त आहे. महाविद्यालयात इंग्रजीचे आणि मराठीचे वर्ग स्वतंत्रपणे चालतात; त्यामुळे एका भाषेतील शब्दाचा दुसऱ्या भाषेतील प्रवास कोणत्याच वर्गात येत नाही. विद्यार्थ्यांना आपल्या लोहमार्गावरील ‘रोड’ने संपणाऱ्या स्थानकांची यादी करण्यास सांगावे. प्रत्येक नावाचा विग्रह, पूर्वपदाचा प्रकार, मूळ गावाचे अंतर आणि गावातील वृद्धांची माहिती त्यांनी नोंदवावी. अशा एका छोट्या प्रकल्पात भाषाशास्त्र, व्याकरण, इतिहास आणि भूगोल हे विषय आपोआप एकत्र येतात. आंतरविद्याशाखीय अध्ययनाविषयी आपण जे बोलतो, ते प्रत्यक्षात आणण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

समारोप

‘रोड’ हा शब्द स्वारी या अर्थाने जन्माला आला. पुढे त्याने हल्ला, जहाजे थांबण्याची जागा आणि रस्ता असे अर्थ धारण केले. मराठीत येताना त्यातील बहुतेक अर्थ गळून केवळ डांबरी रस्ता उरला. मात्र रेल्वेच्या फलकांवर ‘कोठेतरी जाणे’ हा त्याचा मूळ भाव टिकून राहिला. काशीमीरा परिसरातील उदाहरणाने दाखविले ते असे की, दिशा सांगणाऱ्या शब्दाकडे केवळ नाव म्हणून पाहिले, की ती दिशा ज्या गावाची होती ते गाव लोकांच्या जाणिवेतून निसटू लागते. स्थलनाम हा इतिहासाचा एक संक्षिप्त दस्तऐवज असतो. तो वाचता येण्यासाठी त्यातील अगदी सामान्य वाटणाऱ्या शब्दाचाही अर्थ विचारला पाहिजे. असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी घडविणे ही भाषेच्या शिक्षकाची जबाबदारी आहे, आणि इतर विषयांच्या शिक्षकांचीही.